पसरणीच्या घाटात तापलेला गिअरबॉक्स

वाई सोडली की पसरणीचा घाट सुरू होतो. पाचगणीपर्यंतचं अंतर जेमतेम बारा किलोमीटर, पण तेवढ्यात रस्ता साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची गाठतो. मे महिन्यातल्या शनिवारी हा घाट गाड्यांनी भरून जातो. पुण्यामुंबईच्या गाड्या एकामागे एक लागतात, दहा मीटर पुढे सरकतात, थांबतात, पुन्हा सरकतात. अशा रांगेत एखाद्या ऑटोमॅटिक गाडीच्या मीटरवर अचानक पिवळा दिवा लागतो, गिअरबॉक्स तापल्याची सूचना येते आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘लिंप मोड’मध्ये जाते. डिक्कीत सामान, मागच्या सीटवर मुलं, मागे हॉर्नचा कल्लोळ.

अशा वेळी दोनच शक्यता असतात. एक तर गिअरबॉक्समधलं तेल खरोखर तापलेलं असतं, नाही तर ते मोजणारा सेन्सर चुकीचं सांगत असतो. ड्रायव्हरच्या सीटवरून दोन्ही अगदी सारखं दिसतं, आणि इथेच लोकांचे पैसे बुडतात. खऱ्या उष्णतेला सेन्सरची खोड समजून गाडी दामटली तर आतल्या क्लच प्लेट्स जळतात. उलट, सेन्सरच्या किंवा एखाद्या वायरीच्या दोषापायी पूर्ण गिअरबॉक्स उतरवला गेल्याचीही उदाहरणं गॅरेजवाल्यांकडून ऐकायला मिळतात. म्हणून सुटा भाग बदलण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावला पाहिजे: उष्णता खरी आहे का?

त्यासाठी आधी ही उष्णता येते कुठून ते पाहू. पारंपरिक ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो, तसंच इथे होतं, फक्त हवेच्या जागी तेल असतं. ही कल्पना मुळात जहाजांसाठी निघाली. हर्मन फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. कन्व्हर्टरमधल्या या पंख्यांसारख्या दोन चाकांमध्ये लोखंडाचा थेट जोड नसल्यामुळे गाडी डी मध्ये ठेवून ब्रेकवर उभी राहू शकते, बंद पडत नाही. पण त्याच कारणाने दोन्ही चाकांच्या वेगात फरक राहतो, तेल घुसळलं जातं आणि घुसळण्यात गेलेली शक्ती उष्णता होऊन तेलातच उरते. गाडी वेगात असली की लॉकअप क्लच लागतो, दोन्ही चाकं एकजीव फिरतात आणि घुसळण थांबते. घाटातल्या रांगेत मात्र तेवढा वेग कधी येतच नाही.

हिशेब करून बघता येतो. माणसं आणि सामान धरून गाडी दीड टनाची आणि चढ ५७० मीटरांचा मानला, तर नुसतं वर पोहोचायला सुमारे ८४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. वाटेत तिचा दहावा भाग तेल घुसळण्यात गेला असं समजू. रांगेत तो याहूनही जास्त जाऊ शकतो. म्हणजे सुमारे ८ लाख ४० हजार ज्यूल. गिअरबॉक्समध्ये आठेक लिटर तेल असतं, वजन साधारण सात किलो. ते एक अंशाने तापायला १४ हजार ज्यूल पुरतात. भागाकार केला की उत्तर येतं ६० अंश. तेलाचा कूलर नसता आणि गिअरबॉक्सच्या जड धातूने काही उष्णता सामावून घेतली नसती, तर वाईला ८० अंशांवर असलेलं तेल पाचगणीला १४० वर गेलं असतं. आकडे ढोबळ आहेत, पण एक गोष्ट त्यातून पक्की होते. या घाटात तेल तापणं हे नैसर्गिक आहे, आणि ते किती वेगाने तापू शकतं याला मर्यादाही आहे. ही मर्यादा पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

पाचगणीच्या पुढे महाबळेश्वर. तिथे येणाऱ्या बाकीच्या वाटाही सोप्या नाहीत. पोलादपूरकडून आंबेनळी घाटाने आलं तर सुमारे चाळीस किलोमीटरांत बाराशे मीटरांहून जास्त चढावं लागतं, तेही कोकणातल्या दमट उकाड्यातून. मेढ्याहून येणारा केळघरचा घाट रहदारीला हलका, पण वळणांना चढा. वाहनांच्या चाचण्यांसाठी पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही संस्था आहे. तरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समजून घ्यायला सामान्य माणसाला सह्याद्रीच्या या तीन घाटांइतकी चांगली जागा दुसरी नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअस हे या तेलाचं नेहमीचं तापमान. १२० च्या वर ते फार काळ राहू नये. तेल जितकं जास्त तापतं तितकं त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. जुन्या मेस्त्रींचा ठोकताळा असा की दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. म्हणून गिअरबॉक्सचा संगणक तेलाचं तापमान सतत वाचत असतो. तेल थंड आणि दाट असेल तर तो गिअर उशिरा बदलतो आणि लॉकअप क्लच लागू देत नाही. तेल फार तापलं तर तो लॉकअप लवकर लावतो, इंजिनाची ताकद कमी करतो आणि शेवटी एकच गिअर धरून ठेवतो.

आता या व्यवस्थेतला सापळा बघा. तेल तापलेलं असताना सेन्सर ‘थंड आहे’ असं सांगत राहिला, तर संगणक लॉकअप लागूच देत नाही. मग पुणे-सातारा महामार्गावर ताशी ८० च्या वेगानेही टॉर्क कन्व्हर्टर तेल घुसळतच राहतो आणि तेल खरोखर तापतं. खोटी थंडी अशी खरी उष्णता निर्माण करते. दिवा मात्र लागत नाही, कारण दिवा लावणाऱ्याला तेल थंडच वाटत असतं. गाडीचं ॲव्हरेज घसरलंय, सपाट रस्त्यावरही इंजिनाचे आरपीएम नेहमीपेक्षा दोन-तीनशेने जास्त दिसतायत, पण मीटरवर काहीच तक्रार नाही, अशी लक्षणं दिसली की या शक्यतेचा विचार आधी करावा.

हा सेन्सर म्हणजे बहुतेक गाड्यांत एक थर्मिस्टर, मिरीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान. धातूची तार तापली की तिचा विद्युत रोध वाढतो, पण काही पदार्थ उलट वागतात. मायकेल फॅरेडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये हे पाहिलं. बाजारात विकता येईल असा थर्मिस्टर सॅम्युअल रुबेनने १९३० मध्ये बनवला. गाडीत याची जोडणी साधी असते. संगणक आपल्या आतल्या एका ठरावीक रोधातून पाच व्होल्ट सेन्सरकडे सोडतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते मोजतो. तेल थंड असेल तर रोध जास्त, म्हणून व्होल्टेजही जास्त. तेल गरम झालं की दोन्ही कमी.

उदाहरणाला एक सेन्सर घेऊ. १० अंशांना त्याचा रोध ६,६०० ओहम, २५ अंशांना ३,५०० आणि ११० अंशांना फक्त २५०. प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे असतात आणि ते त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेले असतात, पण वळण साधारण असंच. काही गिअरबॉक्समध्ये तापल्यावर रोध वाढणारे सेन्सरही वापरतात, म्हणून मल्टिमीटर लावण्याआधी पुस्तिका बघायलाच हवी.

सेन्सर किंवा वायर पूर्ण निकामी झाली तर निदान सोपं असतं. वायर तुटली की संगणकाला पूर्ण पाच व्होल्ट दिसतात आणि स्कॅनरवर तेलाचं तापमान उणे ४० येतं. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी थंडीच्या पहाटे दवबिंदू गोठतात खरे, पण उणे ४० तिथे कधी होणार नाही. वायर बॉडीला लागून शॉर्ट झाली की व्होल्टेज शून्य होतं आणि तापमान दीडशेच्या वर दिसू लागतं, गाडी रात्रभर थंडीत उभी असली तरीही. अशा बिघाडांना जगभर ठरलेले कोड आहेत. या सर्किटमधला सर्वसाधारण दोष म्हणजे पी०७१०. व्होल्टेज फार कमी आलं तर पी०७१२, फार जास्त आलं तर पी०७१३, आणि मधूनमधून तुटणाऱ्या जोडाला पी०७१४. पी०२१८ मात्र वेगळा. संगणकाने सेन्सरवर विश्वास ठेवला आणि त्याच्या मते तेल प्रमाणाबाहेर तापलं, तर हा कोड येतो. घाटात गाडी अडकली असेल तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून या दोन कुळांपैकी कोणता कोड आहे ते आधी पाहावं. गोंधळलेल्या माणसाला या एका गोष्टीने बरंच सावरता येतं.

खरा कस लागतो तो अर्धवट दोष शोधताना. सेन्सर शाबूत असतो, आकडाही शक्य कोटीतला असतो, फक्त चुकीचा असतो. यासाठी पी०७११ हा कोड आहे, पण तो प्रत्येक वेळी उमटेलच असं नाही. इथे महाबळेश्वरचा पाऊस मध्ये येतो. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावात गाडी चार दिवस उभी राहिली, चिखलपाण्यातून आंबेनळी उतरली, की गिअरबॉक्सच्या कुशीतल्या, वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये ओल शिरू शकते. त्यानंतर दोन प्रकारच्या चुका होतात आणि दोन्ही एकमेकींच्या अगदी उलट असतात.

पहिली चूक गळतीची. कपलरमध्ये गढूळ पाणी साचलं की दोन पिनांमध्ये विजेला चोरवाट मिळते. समजा ही चोरवाट ६,६०० ओहमची आहे. १० अंशांच्या पहाटे सेन्सरचा रोधही ६,६०० च. दोन्ही समांतर जोडले गेले की संगणकाला ३,३०० दिसतात आणि तो तेल २६ अंशांचं समजतो, म्हणजे सोळा अंशांची चूक. तेल ११० वर गेलं की सेन्सरचा स्वतःचा रोध २५० वर येतो, आणि त्यापुढे त्या चोरवाटेला काही किंमत उरत नाही. चूक दीड-दोन अंशांवर येते. म्हणजे ही गळती थंडीत पकडता येते, गरमीत ती लपून राहते.

दुसरी चूक गंजाची. पावसाळा सरतो, पाणी वाळतं, पण पिनांवर हिरवट थर राहतो. विजेला आता तो थर ओलांडून जावं लागतं, म्हणजे सेन्सरच्या रोधात आणखी थोडा रोध मिळवला जातो. तो २५० ओहम धरू. २५ अंशांना ३,५०० चे ३,७५० झाले, तर चूक दोन अंशांहूनही कमी. पण ११० अंशांना २५० चे ५०० होतात आणि संगणकाला तेल ८३ अंशांचं वाटतं. घाटात तेल जळायला आलेलं असतं आणि गाडी निवांत असते. आषाढात जो कपलर उष्णता फुगवून सांगत होता तोच पुढच्या मे महिन्यात ती लपवू लागतो. नुसत्या सकाळच्या तपासणीवर ‘सेन्सर ओके’ असा शेरा देणारं गॅरेज हा दोष कधीच पकडू शकत नाही.

म्हणून तपासणी दोन वेळा करावी, एकदा पूर्ण थंड गाडीवर आणि एकदा पूर्ण तापलेल्या गाडीवर. थंड तपासणीला महाबळेश्वरची मुक्कामाची रात्र उत्तम. गाडी आठ-दहा तास बंद राहिली की इंजिनाचं कूलंट, आत येणारी हवा आणि गिअरबॉक्सचं तेल हे सगळं एकाच तापमानाला येतं. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करावं आणि स्कॅनरवर तिन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दोन-चार अंशांचा फरक चालतो. कूलंट १४, हवा १३ आणि तेल ३० असं दिसलं, तर तेल चुकीचं वाचलं जातंय यात शंका नाही.

गरम तपासणी घाट चढतानाच करायची, मात्र स्कॅनर शेजारी बसलेल्याच्या हातात हवा. ड्रायव्हरने पडद्याकडे बघू नये. इथे आकडा किती आहे यापेक्षा तो कसा बदलतो हे महत्त्वाचं. मघाचा हिशेब आता कामाला येतो. तेलाचा एक अंश म्हणजे १४ हजार ज्यूल. गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरमधल्या तेलाचं तापमान एका सेकंदात ७० वरून १२० झालेलं दिसलं, तर त्यासाठी सात लाख वॉट, म्हणजे ७०० किलोवॉट शक्ती त्या एका सेकंदात तेलात ओतली जायला हवी. आपल्याकडच्या मध्यम गाड्यांचं इंजिन शंभर किलोवॉटच्या आसपासचं असतं. तेव्हा अशी उडी कधीच खरी नसते. ती सैल पिनेची किंवा तुटू घातलेल्या वायरीची असते. खरी उष्णता मिनिटामिनिटाने चढते आणि तशीच उतरते. एक अपवाद सांगायला हवा. काही गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाच्या वाटेवर सेन्सर असतो. तिथे थोडंसंच तेल पटकन तापतं, म्हणून काही सेकंदांत वीस-तीस अंशांची वाढ खरी असू शकते. सेन्सर नेमका कुठे बसवलाय हे माहीत नसताना आकड्याचा अर्थ लावू नये.

तिसरा साक्षीदार बाहेरचा घ्यावा. घाट चढून आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने, गॅरेजमधल्या ‘टेम्परेचर गन’ने, गिअरबॉक्सचा चेंबर किंवा कूलरकडे जाणारा पाइप मोजता येतो. पण चकचकीत अल्युमिनिअमवर ही गन फसते आणि बरंच कमी तापमान दाखवते, कारण चकाकणारा धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही. त्या जागी आधीच काळी इन्सुलेशन टेप चिकटवून ठेवावी आणि त्या टेपवर गन रोखावी. चेंबरचं बाहेरचं तापमान आतल्या तेलापेक्षा थोडं कमी असणारच. स्कॅनर ८३ म्हणतो आणि टेप १०० म्हणते, असं झालं तर मात्र खोटं कोण बोलतंय ते उघड आहे.

मग कपलर उघडायचा. सेन्सरच्या जागी, हार्नेसच्या म्हणजे संगणकाकडे जाणाऱ्या वायरींच्या बाजूला, पुस्तिकेतल्या पिना नीट ओळखून २५० ओहमचा साधा रेझिस्टर लावला तर आपल्या उदाहरणातल्या गाडीचा स्कॅनर ११० च्या आसपास दाखवेल. कपलर मोकळा सोडला तर उणे ४०. दोन्ही बरोबर आले तर वायर आणि संगणक ठीक, दोष कपलरच्या पिनांकडे, सेन्सरकडे किंवा गिअरबॉक्सच्या आतल्या हार्नेसकडे. दहा रुपयांच्या आत येणाऱ्या रेझिस्टरने हजारो रुपयांचा प्रश्न असा सुटतो. इतकी साधी चाचणी किती ठिकाणी टाळली जाते हे पाहून वाईट वाटतं.

काही गिअरबॉक्सच्या अंगच्या लकबीही माहीत असाव्या लागतात. मर्सिडीज १९९४ पासून पुण्यात आहे, आणि जुन्या मर्सिडीज आपल्या घाटांत अजून दिसतात. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत ७२२.६ हा पाच गतींचा गिअरबॉक्स आहे. त्याच्यात तापमानाचा सेन्सर आणि पार्क-न्यूट्रल ओळखणारा स्विच एकाच सर्किटमध्ये एकापुढे एक जोडलेले आहेत. पी किंवा एन मध्ये ते सर्किट तुटलेलंच असतं आणि संगणक तेवढ्यापुरतं इंजिनाच्या कूलंटचं तापमान धरून चालतो. हे ठाऊक नसलेला मेस्त्री गाडी पी मध्ये ठेवून मल्टिमीटर लावतो, त्याला सर्किट ओपन मिळतं आणि चांगला सेन्सर बाद ठरतो. याच गिअरबॉक्सच्या तेरा पिनांच्या कपलरची रबरी रिंग कडक झाली की तेल वायरींच्या आतून झिरपत थेट संगणकापर्यंत चढतं. तिथे दोष तापमानाचा नसतोच, पण कोड तापमानाचा येऊ शकतो.

झेडएफ कंपनीच्या सहा आणि आठ गतींच्या गिअरबॉक्समध्ये संगणक, व्हॉल्व्ह आणि सेन्सर एकाच जोडसंचात, गिअरबॉक्सच्या पोटात, तेलात बुडालेले असतात. सुटा सेन्सर बदलण्याची सोय सहसा नसते आणि पूर्ण संच महाग पडतो. मारुतीच्या सेलेरिओने २०१४ मध्ये आपल्याकडे लोकप्रिय केलेल्या एएमटीत तर टॉर्क कन्व्हर्टरच नाही. ती साधी मॅन्युअल यंत्रणा, फक्त क्लच दाबणारा पाय यंत्राचा. तिथे घाटात तापतो तो क्लच, तेल नव्हे, आणि ती उष्णता बऱ्याचदा मोजली जात नाही, गणिताने अंदाजली जाते. त्यामुळे घाटात चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं एएमटीला सर्वात वाईट, आणि टॉर्क कन्व्हर्टरलाही वाईटच. थांबायचं तर ब्रेकवर थांबावं.

घाटातच दिवा लागला तर निदान नंतर, आधी काळजी. सुरक्षित, रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्यावी, पी मध्ये टाकावी, हँडब्रेक ओढावा आणि इंजिन चालू ठेवावं. इंजिन चालू असलं की गिअरबॉक्सचा पंप फिरतो आणि तेल कूलरमधून जात राहतं. इंजिन बंद केलं तर गरम तेल जागच्या जागी उभं राहतं. कूलंटही लाल रेषेकडे गेलं असेल तर मात्र इंजिन बंदच करावं. पंधरा-वीस मिनिटांत तापमान हळूहळू उतरलं तर उष्णता खरी होती असं समजावं आणि कूलरमध्ये साचलेली धूळ, तेलाची पातळी, रेडिएटरचा पंखा यांच्याकडे बघावं. पुढचा चढ मॅन्युअल मोडमध्ये, खालच्या गिअरमध्ये चढावा. पुढच्या गाडीला अंतर देऊन, मग एकदम सरकावं. इंच-इंच सरकत राहिलं की तेल पुन्हा तापतं.

सेन्सर, कपलर किंवा हार्नेस दुरुस्त झाला की कोड पुसावेत, गाडीच्या पद्धतीप्रमाणे गिअरबॉक्सचं अडॅप्टेशन, म्हणजे संगणकाचं नव्याने जुळवून घेणं, करून घ्यावं आणि तेलाची पातळी नव्याने तपासावी. ही शेवटची पायरी सर्वात जास्त विसरली जाते. आजच्या बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना डिपस्टिक नाही. तेल ठरावीक तापमानाला, पुष्कळ गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, इंजिन चालू ठेवून, पातळीचा बोल्ट उघडून तपासतात, आणि ते तापमान वाचायचं असतं याच सेन्सरवरून. सेन्सर जितके दिवस चुकीचं सांगत होता तितक्या दिवसांत कुणी सर्व्हिसिंगमध्ये तेल भरलं असेल, तर ती पातळीही चुकलेली असण्याची दाट शक्यता आहे. तेल गरम होऊन फुगलेलं असताना सेन्सरने ते थंड ठरवलं असेल, तर प्रत्यक्षात ते कमी भरलं गेलं असणार, आणि कमी तेल म्हणजे पुढच्या घाटात जास्त उष्णता. तेव्हा नवा सेन्सर बसवून झाल्यावर गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी, सकाळी तिन्ही तापमानं जुळतात का ते पाहावं, मग इंजिन सुरू करून तेल ४० वर आलं की बोल्ट उघडावा. तेल बारीक धारेने येऊन थेंबांवर थांबलं की पातळी बरोबर.

त्यानंतर गाडी वाईला न्यावी आणि पसरणीचा घाट एकदा चढून, पाचगणीला पोहोचताना दिसलेला आकडा सर्व्हिस बुकात तारखेसकट लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी तोच घाट, तेवढंच सामान आणि तोच ऋतू असताना आकडा पंधरा-वीस अंशांनी बदललेला दिसला, तर मेस्त्रीला तपास कुठून सुरू करायचा हे त्या एका नोंदीवरून कळेल.